अर्ध्या ऑपरेशनचं पूर्ण जेवण

आमच्या भागात उकिडवं बसणं हे काही आजाराचं लक्षण नाही. लावणी करून दमलेली बाई बांधावर उकिडवी बसते. एसटीची वाट पाहणारा म्हातारा फाट्यावर उकिडवा बसतो. गावकीची बैठकसुद्धा निम्मी उकिडवीच असते. त्यामुळे मी चार पावलं चालले की मध्येच खाली बसायचे, गुडघे छातीशी घट्ट धरायचे आणि धापा टाकत राहायचे, याचं कोणालाच काही वाटलं नाही. आळशी पोर, एवढंच. माझा आजा, म्हणजे बाबांचे वडील, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "आमची सुली बघा, म्हातारीवानी बसते." मग सगळे हसायचे.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयात दोष असलेलं निळं मूल असं बसतं, कारण तसं बसलं की त्याला जरा बरं वाटतं. त्याला कोणी शिकवत नाही, ते आपलं आपणच शिकतं. म्हणजे जे मला दुडदुडत्या वयात कळलं होतं, ते किन्हवलीपासून शेणव्यापर्यंत एकाही शहाण्या माणसाला कळलं नव्हतं. हे लिहिताना मला राग येतोय आणि तो मी लपवणार नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं फार गोड लिहितात. मला ते जमत नाही.

लाल औषध

माझी नखं आणि ओठ जांभळे आहेत हे पहिल्यांदा आईला दिसलं. आईचं माहेर मुरबाडकडचं. ती मला घेऊन माहेरी गेली आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी माझी पापणी ओढून बघितली, "रक्त कमी आहे" म्हणाले आणि एक लाल औषध दिलं. ते मी पुष्कळ दिवस प्यायले. चव लोखंडी कढईसारखी होती. नंतर मुंबईत कळलं की माझ्या अंगात रक्त कमी नव्हतंच, उलट गरजेपेक्षा दाट झालं होतं. ते आणखी वाढवायचं औषध हा माणूस मला बाटलीमागून बाटली पाजत होता. तो दवाखाना अजून चालू आहे, बाहेर गर्दीही असते.

खरं निदान झालं ते शहापूरला, एका तपासणी शिबिरात. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं होतं. मी शाळेतही जात नव्हते, म्हणून हे सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला नळी लावली आणि दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली, "इकडे या, हे ऐका." मग तिसरे आले. सगळ्यांनी आळीपाळीनं ऐकलं. आईला वाटलं, पोरीत काहीतरी विशेष आहे. तिला कोणी काहीच सांगेना. शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंचा हातच धरला आणि म्हणाली, "बाई, तुमी सगल्यांनी ऐकलात. आता मला बी सांगा."

तेव्हा बाईंनी सांगितलं. हृदयात आत भोक आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, आणि हे जन्मापासूनचं आहे. आई म्हणते, त्या दिवशी शहापूरच्या स्टँडवर तिला आमच्या गावाची गाडी दिसली, पण चढायचं सुचलंच नाही.

नळी आणि नवस

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाबांना कागदावर हृदय काढून दाखवलं. पोर लहान आहे, वजन नाही, पूर्ण ऑपरेशन आत्ता झेपणार नाही. आत्ता एक छोटी नळी जोडतो, तिनं रक्त फुप्फुसात जाईल आणि पोर तगेल. वाढली की नळी अपुरी पडेल. तेव्हा छाती उघडून खरं काम करायचं. बाबांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना कळलंही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्यासारख्यांना काही कळत नाही असं लोक सहज बोलून जातात. आम्हाला चांगलं कळलं होतं. पण कळलेलं बाजूला ठेवायलाही आम्हाला चांगलं येतं.

मी तिकडे खाटेवर असताना इकडे आजा डोंगरावरच्या देवीकडे गेला. आमच्या गावामागे टेकाड आहे, त्यावर देवीचं ठाणं. आजा नवस बोलला की पोर वाचू दे, आपल्या पायांनी डोंगर चढून तुझ्या दारात येईल, मग बोकड देईन आणि गाव जेवेल.

मी वाचले. एवढंच नाही, मी गुलाबी झाले. माझ्या काखेखाली टाक्यांची वळी होती, पण ओठ माणसांच्या ओठांसारखे दिसत होते. भात कापून झालं आणि आज्यानं नवस फेडायचा दिवस ठरवला. घरची सगळी माणसं निघाली. पहिल्या वळणापर्यंत मी चालले आणि नेहमीसारखी खाली बसले. वर चुली पेटल्या होत्या, पाहुणे येऊन बसले होते, बोकड ओरडत होता. बाबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि थेट ठाण्याच्या पायरीपाशी उतरवलं. तिथून मी चालत आत गेले. सगळ्यांनी देवीचा उदो केला. गाव पोटभर जेवलं. मला काळजाचा तुकडा वाढला होता, हे आजा पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिला.

बस्स. त्या दिवसापासून मी बरी झाले. म्हणजे तसं ठरलं.

बरं असण्याची सक्ती

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. फिटलेला नवस उकरून काढायचा नसतो. बोकड दिला, गाव जेवलं, हिशेब मिटला. त्यानंतर "पोर अजून आजारी आहे" असं म्हणणं म्हणजे देवीनं बोकड घेतला आणि काम केलं नाही असं म्हणणं. तसं कोण म्हणेल? आणि म्हटलंच, तर देवीचा कोप त्या एका घरावर थोडाच थांबतो? अख्ख्या गावाच्या भातावर येतो, गुरांवर येतो. त्यामुळे माझी तब्येत ही माझी राहिलीच नाही. ती गावाची इज्जत झाली.

बाबा मला एकदाच तपासणीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "चांगली आहे. मोठी झाली की बघू." या वाक्यावर माझी सगळी शाळा निघून गेली. मोठी म्हणजे केवढी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्याकडून कोणी विचारलं नाही. आईनं विषय काढला की आजा म्हणायचा, "कशाला? देवीचा नाव खराब करायला?"

माझे बाबा वाईट माणूस नव्हते. पावसाळ्यात भात करायचे, उन्हाळ्यात कसाऱ्याकडे हायवेच्या कामाला जायचे, दारूला शिवत नसत. ते फक्त आज्याचा मुलगा होते आणि त्या कामातून त्यांना कधी सुट्टी मिळाली नाही.

मी वाढले आणि नळी तेवढीच राहिली. सातवीच्या सुमाराला ओठ परत जांभळे झाले. बोटांची टोकं गोल, फुगीर झाली. शाळेत कवायतीला मी खाली बसले की सर म्हणायचे, "नाटकं नकोत." घरी सांगितलं तर आजा म्हणायचा, "तुला काय झाला नाय." मी स्वतःसुद्धा तेच म्हणायचे. शाळेत कोणी विचारलं तर मी मोठ्यानं सांगायचे, "माझं ऑपरेशन झालंय, मी बरी हाय." चालता येत नसतानाही बरं असण्याची जी सक्ती असते, ती ज्यांनी भोगली नाही त्यांनी मला धीराबद्दल काही सांगू नये.

मग एकदा मी बोअरिंगवर पाणी भरताना पडले. काळीनिळी होऊन, डोळे फिरवून पडले. आईनं मला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर आईवरच ओरडले, "एवढी वर्षं काय करत होतात? ताबडतोब मुंबईला न्या." आई परत आली आणि ओसरीवर उभी राहून हे सगळं आज्याला सांगितलं. आज्यानं एवढंच विचारलं, "बोअरिंगवर आणि कोण कोण होता?"

म्हणजे किती जणांनी बघितलं, ही त्याची काळजी.

पुष्कळ जणींनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायका आईला बघितलं की आपले हंडे बाजूला ओढायला लागल्या. आईच्या अभद्र बोलण्यानं पोरीला बाधा झाली, असं गावात ठरलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी माझ्या नवसाचं मटण खाल्लं होतं.

आईनं केलं ते

आई भांडकुदळ आहे. देवाची कृपा म्हणावी अशी माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट.

चैत्रात देवीच्या जत्रेची बोलणी करायला गावकी आमच्या अंगणात जमली होती. आई चहा घेऊन बाहेर आली, ताट खाली ठेवलं आणि पदर खोचून मध्ये उभी राहिली. बायकांनी त्या बैठकीत बोलायची रीत नाही.

"सुलीचा नवस फिटलाच नाय," ती म्हणाली.

आजा ताडकन उठला. "गप बस."

"नाय बसत. बोलणी काय झालेली? पोर आपल्या पायांनी डोंगर चढंल. चढली का ती? पहिल्या वळणावर बसली. हिच्या बापानं खांद्यावर घेऊन नेलीन. देवी आंधली हाय काय? तिनं बघितला नाय?"

चहावर साय धरली. देवीनं काम केलं नाही, असं आई म्हणतच नव्हती. ती म्हणत होती, आपणच देवीला फसवलं. गावकीतले सगळ्यात जुने गृहस्थ बाबांकडे वळले. "काय रे? नेलीस खांद्यावर?"

बाबांनी आज्याकडे बघितलं नाही. ते जमिनीकडे बघून म्हणाले, "नेली. बसली व्हती म्हणून नेली."

माझ्या बाबांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम हेच. मोठा घाट फोडायच्या कामाला ते घाबरले नव्हते, पण हे दोन शब्द बोलताना त्यांचा आवाज फाटला.

आज्याला माघार घेता येईना. तो म्हणाला, "मंग आता चढू दे तिला. सगल्यांच्या समोर. चढली तर मुंबईचा नाव परत काढायचा नाय."

"आणि नाय चढली तर?" आईनं विचारलं.

"तर ने तुझ्या मुंबईला."

मला कोणीच काही विचारलं नाही. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. आता कोणी डॉक्टर हे वाचून म्हणतील की हा मूर्खपणा होता, पोर वाटेत मेली असती. बरोबर आहे. मग त्यांनी यावं आणि आमच्या अंगणात दुसरा मार्ग काढून दाखवावा.

आणि खरं सांगायचं तर मला चढायचं होतं. मला वरपर्यंत जायचं होतं. आई मला पडताना बघायला निघाली आहे, असं मला वाटलं आणि तिचा भयंकर राग आला. सगळ्या गावासमोर मला आजारी ठरवायला निघालेली बाई! पायथ्याशी ती माझी वेणी नीट करायला आली, तर मी तिचा हात झटकला. ती हळूच म्हणाली, "दम लागला की बस गो. पुढं जाऊ नको." मी म्हटलं, "बसणार नाय."

पहिलं वळण मी पार केलं. मागून पोरं ओरडली. दुसऱ्या चढावर माझ्या कानांत भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. झाडं दिसत होती, पण त्यांचा हिरवा रंग गेला होता. मी तरी चालत राहिले, कारण वर आजा काठी टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याची खूण दिसत होती. मला त्याला जिंकवायचं होतं. ही गोष्ट कळायला मला पुढे फार वेळ लागला.

मग माझे गुडघे आपोआप दुमडले. मी बसले. श्वास आत जात होता, पण पोचत नव्हता.

आजा खाली उतरून आला. माझ्यासमोर तोही उकिडवा बसला. इतक्या जवळून त्यानं माझं तोंड कित्येक वर्षांत बघितलं नसावं. त्यानं अंगठा माझ्या ओठावर ठेवला आणि जोरात पुसला. रंग जाईल असं त्याला वाटलं. धोतराच्या सोग्यानं परत पुसला. "जांभलं खाल्लीस काय गो?" असं त्यानं विचारलं. चैत्रात जांभळं नसतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

रंग जाईना. तेव्हा तो बाबांना म्हणाला, "खाली घे हिला." दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरहून जीप सांगितली.

वॉर्ड

पैशाचं मी लिहिणार नाही. ते ज्याच्या त्याच्या घरचं रडगाणं असतं.

मुंबईत सगळं बदललं होतं. पहिल्या वेळी माझ्यासारखी, नळी लावून परत पाठवलेली पोरं बरीच होती असं आई सांगते. आता माझ्या शेजारच्या खाटेवर मुठीएवढं बाळ होतं, आणि त्याचं सगळं काम एकाच वेळी करून टाकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला जळफळाट झाला. ते बाळ दूध पिऊन झोपायचं आणि मी त्याच्याकडे रागानं बघत राहायचे. त्याच्या आईनं माझ्या आईला रोज आपल्यातला अर्धा चहा दिला. त्या चहासाठी मी त्या बाळाला माफ केलं.

डॉक्टर स्पष्ट बोलले. फार उशिरा आणलंत, धोका जास्त आहे. आईनं विचारलं, "नाय केला तर?" ते म्हणाले, "तर धोका उरणारच नाही, मुलगीच उरणार नाही." बाबांनी सही केली.

ऑपरेशननंतरची भीती वेदनेची नसते. वेदना असतेच, पण तिचं औषध देतात. भीती तहानेची. घशात नळी, हात बांधलेले, बोलता येत नाही, आणि समोर सिस्टर बाटलीतून पाणी पितेय. त्या वेळी मला तिचा जीव घ्यावासा वाटला. तीच सिस्टर मग ओला कापूस माझ्या ओठांवर फिरवायची आणि म्हणायची, "बघू बरं, कुठे गेला तो जांभळा रंग?" नळी काढल्यावर उशी छातीशी कवटाळून खोकायला लावत. प्लॅस्टिकच्या डब्यातले चेंडू श्वासानं वर ओढायला लावत. चेंडू वर गेला नाही की मी शिव्या द्यायचे आणि वॉर्डातल्या आया तोंडावर पदर घेऊन हसायच्या.

आईनं आत येऊन आधी माझा चेहरा बघितला नाही. चादरीखालून माझा हात काढला आणि नखं बघितली. एकेक बोट उलटसुलट करून बघितलं. मग तिनं ती नखं आपल्या डोळ्यांना लावली.

भेटायला आलेल्या गावच्या माणसांनी माझ्या छातीवरची पट्टी बघितली आणि विचारलं, "लग्नाचा काय होणार आता?" त्यांना बाहेर कसं काढलं ते आईच जाणे.

घरी सोडलं तो दिवस

त्या दिवशी आजा आला होता. पांढरं धोतर, टोपी, हातात नारळ. वॉर्डाच्या दारात उभा राहून बाबांना सांगत होता, या वेळी दोन बोकड, आणि पलीकडच्या पाड्यालाही जेवण सांगू.

मोठे डॉक्टर राउंडला आले. हसून म्हणाले, "छान झालं ऑपरेशन. आता घरी जा."

आई त्यांच्या वाटेत उभी राहिली. "पुरा झाला काय? तेवढा सांगा."

"घाबरू नका, आई."

"मी घाबरत नाय. इचारला त्याचा जबाब द्या."

डॉक्टर थांबले. बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी पुढे पाठवलं आणि स्वतः माझ्या खाटेच्या कडेला बसले. "पुरं नाही झालं," ते म्हणाले. "उशीर झाला होता. एक झडप गळते आहे. आज त्रास नाही, पुढे होईल. दरवर्षी दाखवायला यायचं. एक वर्षही चुकवायचं नाही. कधीतरी आणखी एक ऑपरेशन लागेल. कधी, ते मी आज सांगू शकत नाही."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी रडले. आई मात्र खाली बसली, आणि तिच्या खांद्यांतलं कसलं तरी ओझं उतरलेलं मला दिसलं. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणी बसून खरं सांगितलं होतं. ती आज्याकडे वळली. "ऐकलात?"

आज्यानं हातातला नारळ माझ्या खाटेवर ठेवला. मला वाटलं, आता चिडेल. देवीचं नाव काढेल.

"मंग जेवण नको घालायला," तो म्हणाला. "नवस उघडाच राहू दे."

माफी त्यानं मागितली नाही, आणि मी त्याला माफ केलंही नाही. पण पुढे तो जिवंत असेपर्यंत दर वर्षी माझी तारीख जवळ आली की बाबांच्या मागे लागायचा, "देवीचा देणा हाय अजून, पोरीला ने." ज्या नवसानं मला इतकी वर्षं अडवलं, तोच आता मला दरवर्षी गाडीत बसवत होता. यात गोड मानून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण कामाला आलं.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. डॉक्टरला वाटेत अडवा आणि पुरं झालं का ते विचारा. हसून टाळलं तर परत विचारा. आणि घरच्यांनी जेवणाचा दिवस काढला तर भांडा.

मी आता शहापूरला कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर उभी असते. नखं गुलाबी आहेत, झडप गळते आहे, दर वर्षी जाते. सुट्टीला गावी गेले की बोअरिंगवरच्या त्याच बायका आता गोड बोलतात. माझी तब्येत बघतात, गाल बघतात, आणि विचारतात, "सुले, आता चांगली तरणीताठी झालीस. कवा चढतेस गो डोंगर? गाव वाट बघतंय जेवणाची."

मी सांगते, "नाय चढणार. राहा उपाशी."